ज्यांना मालक नव्हता त्यांची संघटना

भुसार बाजारात गाळ्यासमोर ट्रक लागतो. फाळका उघडतो. टोळीतले दोघे वर चढतात, बाकीचे खाली पाठ देऊन उभे राहतात. पोते पाठीवर येते, मान पुढे झुकते आणि माणूस फळीवरून चालत जाऊन ते आतल्या थप्पीला लावतो. हा ट्रक रिकामा झाला की टोळी शेजारच्या गाळ्यावर जाते, तिथून पलीकडच्या. दिवस मावळेपर्यंत आठ-दहा व्यापाऱ्यांचा माल एकेका पाठीवरून गेलेला असतो. आता प्रश्न असा, की या माणसाचा मालक कोण?

प्रश्न साधा वाटेल. पण आपल्याकडच्या बहुतेक कामगार कायद्यांचे दार याच प्रश्नावर उघडते किंवा बंद होते. कामाचे तास, भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा, ग्रॅच्युइटी यांतले काहीही मागायचे तर आधी ते कोणाकडे मागायचे हे ठरावे लागते. गिरणीतल्या माणसाला निदान गिरणीच्या फाटकाकडे बोट दाखवता येई. हमालाने बोट दाखवावे कुठे? व्यापारी म्हणे, टोळीवाल्याला विचार, मी त्याला पैसे दिलेत. टोळीवाला म्हणे, काम शेटचे, मी फक्त माणसे पुरवतो. ट्रकवाला म्हणे, माल माझा नाही. पोत्याखाली कंबर धरली तर औषधाचा खर्च हमालाचा. पाय घसरून पडला तर घरी बसायचे दिवसही हमालाचेच. म्हातारपणी त्याने कुठे किती वर्षे काम केले याची एका ओळीची नोंद कोणत्याही वहीत नसे.

कामगार संघटनांनी कष्टकऱ्यांच्या जगण्यात काय बदल घडवला, हा पुढच्या पानांचा विषय आहे. तो मोठा आहे, आणि संप, मोर्चे, करार, पुढारी यांच्या हकिकतींनी भरलेला आहे. प्रस्तावनेत मात्र मी हमाल आणि माथाडींच्या वाटेनेच जाणार आहे. पगारवाढ, बोनस, सुट्टी या गोष्टी संघटनांनी मालकाकडून मिळवल्या, हे आपण जाणतो. माथाडींच्या संघटनांपुढचे काम याच्या आधीचे होते. जिथे मालकच सापडत नाही, तिथे जबाबदारी कोणाची हे त्यांना ठरवून घ्यावे लागले. ते त्यांनी कसे केले हे समजले, तर संघटना म्हणजे नेमके काय, याचे उत्तर पुष्कळसे हाती लागते.

थोडे मागे जायला हवे. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी पहिली हाक दिली ती १८८४ साली. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा कार्यकर्ता गिरणीत स्टोअरकीपर म्हणून राहिलेला, ‘दीनबंधु’ पत्र चालवणारा. परळच्या सभांमधून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर मान खाली जाते: आठवड्यातून रविवारी सुट्टी द्यावी, दुपारी अर्धा तास विसावा द्यावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच चालावे, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई द्यावी. सूर्यास्तापर्यंत काम चालावे, ही मागणी होती! एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एका सुट्टीला सहा वर्षे लागली.

तासांचा हिशेब तर आणखी लांबला. कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस कायद्याने बारा तासांवर आणला तो १९११ साली. १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा. आठवड्याचे ५४ तास ४८ वर उतरले १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हा. माणसाच्या दिवसातले तीन-चार तास त्याला परत मिळायला पस्तीस वर्षे गेली. यातले कोणतेही वर्ष आपोआप उजाडलेले नाही. प्रत्येकामागे बंद पडलेले साचे, पोलिसांच्या लाठ्या, उधारी बंद केलेले वाणी आणि रिकाम्या चुली आहेत.

नुसते एकत्र येणेही तेव्हा गुन्ह्यासारखे होते. १९२०-२१ मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात उच्च न्यायालयाने बी. पी. वाडिया यांच्यावर मनाई हुकूम बजावला. कामगारांना संघटित करणाऱ्या माणसाला मालकाचे नुकसान केल्याबद्दल कोर्टात खेचता येते, हे उघड झाले. नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला. वर्षभर आधी, १९२० मध्ये, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली होती आणि तिच्या उभारणीत जोशींचा मोठा वाटा होता. या खटपटीतून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. आज कुठल्याही संघटनेच्या कचेरीत भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले दिसते. त्या कागदाला एवढा इतिहास आहे.

हे सारे घडत असताना बाजारातला हमाल मात्र होता तिथेच होता. गिरणीकामगार एका छपराखाली हजारोंनी जमत, त्यांचा भोंगा एक, पाळी एक, फाटक एक. हमाल विखुरलेले. पाच-दहा जणांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीचा वेगळा भाव, वेगळा टोळीवाला. त्यातले बरेचसे घाटावरचे, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून आलेले. झोपायला दुकानाची फळी किंवा भावकीची भाड्याची खोली, जेवायला खाणावळ. टोळीवाल्याकडून घेतलेली उचल फिटता फिटत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडण काढणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. पोते शंभर किलोचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने वाहायचे ओझे ५५ किलोंहून जास्त असेल तर ते लवकरात लवकर कमी करावे. आपल्या बाजारात त्याच्या जवळजवळ दुप्पट ओझे रोज शेकडो वेळा उचलले जात होते.

पुण्यात नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर हमाल पंचायत उभी केली. नावातच तिचा स्वभाव आहे. ‘युनियन’ हा शब्द न घेता गावाकडून आलेल्या माणसाला आपला वाटणारा ‘पंचायत’ हा शब्द घेतला. मुंबईत बंदर आणि मशीद बंदरच्या बाजारांत अण्णासाहेब पाटील यांनी माथाड्यांची युनियन बांधली. पाटील स्वतः सातारा जिल्ह्यातल्या पाटण भागातले, ओझे वाहणाऱ्यांचे दुःख जवळून पाहिलेले. ‘माथाडी’ म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. हा शब्द महाराष्ट्राच्या कायद्यात जाऊन बसला तो या संघटनांच्या धडपडीमुळे.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, प्रत्येक व्यापाऱ्याशी भांडून दर वाढवून घ्यायचे. ते त्यांनी केलेच. पण दर वाढला तरी म्हातारपण, आजार, अपघात यांचे काय? हे प्रश्न एका दुकानाच्या आवाक्यातले नव्हते. दुसरी वाट अवघड होती. हमाल जर साऱ्या बाजाराचे काम करतो, तर सारा बाजार मिळून त्याचा मालक, हे कायद्याने मान्य करून घ्यायचे. गोदी कामगारांसाठी १९४८ साली असा एक कायदा देशात झालेला होता. जहाज आज एका कंपनीचे, उद्या दुसऱ्याचे. म्हणून गोदीत मंडळ नेमून कामगार मंडळाच्या नोंदीवर घेतले जात. बाजारात हेच का होऊ नये?

निदर्शने, संप, विधिमंडळावरचे मोर्चे यांतून १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्यात एक नवा शब्द आला: ‘असंरक्षित कामगार’. ज्याला इतर कायद्यांचे पुरेसे संरक्षण नाही, तो या कायद्याचा. आजवर जी उणीव म्हणून त्याला बाहेर ठेवले जाई, तीच त्याची पात्रता ठरली. भारतीय कायद्याच्या भाषेतली ही मोठी उलथापालथ आहे, असे मला मनापासून वाटते.

कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. एकेका व्यवसायासाठी माथाडी मंडळ असते: किराणा बाजाराचे वेगळे, कापड बाजाराचे वेगळे, लोखंड बाजाराचे वेगळे. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने, शिवाय सरकारचे. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदीत मालक व्हायचे, हमालाने नोंदीत कामगार. टोळीने महिनाभरात किती माल चढवला, उतरवला, रचला याचा हिशेब होतो, आणि ठरलेल्या दराने मजुरी व्यापारी मंडळात भरतो. मजुरीच्या वर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. मंडळ मजुरी टोळीत वाटते, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार, अपघाताची भरपाई यांची तरतूद करते. मधला टोळीवाला गळून पडतो. मुकादम उरतो, पण तो टोळीतलाच एक, हिशेब ठेवणारा.

यामुळे काय बदलले, ते आकड्यांपेक्षा घरांत जास्त दिसते. मजुरी बँकेत जमा होऊ लागली, तेव्हा हमालाच्या नावाने कर्ज मिळू लागले. पतपेढ्या निघाल्या. पुण्यात हमालांची वसाहत उभी राहिली. मुंबईचे घाऊक बाजार नवी मुंबईत गेले तेव्हा माथाड्यांना तिकडे घरे मिळाली, माथाडी भवन आणि रुग्णालय झाले. हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कष्टकऱ्याला ना नफा ना तोटा तत्त्वावर पोटभर जेवण मिळावे, ही त्यामागची कल्पना. दिवसभर पोती वाहणाऱ्याच्या पोटात काय पडते, हाही संघटनेचा विषय आहे, हे ज्यांना सुचले ते मजुरीच्या दरापुरते पाहणारे पुढारी नव्हते. पोत्याचे वजन शंभर किलोंवरून पन्नासवर यावे म्हणून पंचायतीने वर्षानुवर्षे रेटा लावला. ‘पन्नास किलो’ ही घोषणा ऐकायला रुक्ष आहे. पण माणूस साठीला ताठ चालेल की वाकून, हे तिच्यावर ठरते.

गिरणीकामगार आणि माथाडी यांच्या नशिबातला एक फरक इथे नोंदवला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणीकामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस यांच्याबरोबरच, आपली संघटना आपल्याला निवडू द्या, हीही त्यांची मागणी होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघ मानला होता, आणि बोलणी करण्याचा हक्क त्याच्याकडेच होता. कामगार ज्याच्या मागे नव्हते तोच त्यांच्या वतीने सही करणार होता. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. हजारो माणसे पुन्हा साचेखात्यात गेलीच नाहीत, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, थकीत देण्यांसाठी आणि घरांसाठी कामगारांची पुढची पिढीही खेटे घालत राहिली. गिरणीकामगाराचे सगळे हक्क त्या एका मालकाशी बांधलेले होते. मालकाने हात झटकले तेव्हा ते हवेत लोंबकळले. माथाड्याची नोंद मात्र मंडळाकडे असते. एखाद्या शेटने दुकान बंद केले तरी त्याची सेवेची वर्षे आणि त्याचा निधी पुसला जात नाही. मालकच नाही म्हणून ज्याला सगळ्यांत दुबळा समजले गेले, त्याच्या संघटनेने शोधलेला उपाय या एका बाबतीत अधिक टिकाऊ ठरला.

म्हणूनच तो उपाय बाजाराबाहेरही गेला. केरळात ओझेवाल्यांसाठी कायदा झाला. महाराष्ट्रात १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीचे मंडळ आले. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून बांधकाम मजुरांसाठी कल्याण मंडळे केली. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या, ज्यांच्याकडे शहर चोर म्हणून पाही. त्यांनी पहिल्यांदा जे मागितले त्यात ओळखपत्र होते. कचरा उचलणारी बाई शहराचे काम करते हे महापालिकेने लिहून द्यावे, एवढेच. त्या कार्डावर पुढे आरोग्य विमा उभा राहिला आणि घरोघरचा कचरा गोळा करणारी त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्थाही.

आज रस्त्यावर पाठीला चौकोनी पिशवी लावून धावणारा मुलगा पाहिला की मला हमालच आठवतो. सकाळी एका ॲपचे पार्सल, दुपारी दुसऱ्याचे. कंपनी म्हणते, तो आमचा कामगार नाही, भागीदार आहे. हॉटेल म्हणते, तो आमचा नाही. ग्राहक तर दार उघडून पुडके घेतो आणि दार लावतो. भुसार बाजारातला जुनाच प्रश्न मोबाइलवर आला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या गिग कामगारांचा उल्लेख आला. २०२३ साली राजस्थानने त्यांच्यासाठी कायदा केला: कामगारांची नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, आणि मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी. त्या मागणीसाठी लढणाऱ्यांसमोर महाराष्ट्राच्या माथाडी मंडळांचे उदाहरण होते. पोते वाहणाऱ्यांनी शोधलेली वाट पन्नास वर्षांनी तंत्रज्ञानाच्या बाजारात उपयोगी पडते आहे.

याचा अर्थ सगळे छान आहे असा नाही, आणि संघटनेवर प्रेम करणाऱ्यानेच हे बोलायला हवे. माथाडीच्या नावाने दुकानदारांना आणि कारखानदारांना धमकावून पैसे उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या. त्यांनी सर्वांत मोठे नुकसान केले ते खऱ्या माथाड्याचे, कारण कायदाच नको म्हणणाऱ्यांच्या हाती त्यांनी कोलीत दिले. मंडळांवरच्या जागा रिकाम्या राहतात, नोंदणी रखडते, मालक कमी माल दाखवून लेव्ही वाचवतात. बाजारात धान्य निवडणाऱ्या, चाळणाऱ्या, झाडून गोळा करणाऱ्या बायका पुष्कळ ठिकाणी अजूनही कुठल्याच वहीत नाहीत. संघटनेत पुढाऱ्याची खुर्ची वारशाने जाऊ लागली आणि सभासद वर्गणीपुरताच उरला, की ती संघटना आतून पोकळ होते. हे गिरण्यांत झाले, बाजारातही होऊ शकते. शिवाय २०१९-२० मध्ये संसदेने २९ केंद्रीय कामगार कायदे गोळा करून चार संहिता केल्या. त्यांत संप करण्याआधीच्या नोटिशीचे बंधन सर्वच उद्योगांना लागू झाले. सौदा करण्याची ताकद नेमकी जिथे असते, तिथेच हा लगाम घातला गेला आहे. सोय एका बाजूची आणि भार दुसऱ्या बाजूचा, असे होऊ नये यासाठी संघटनांनी आता पूर्वीपेक्षा अधिक अभ्यासू व्हायला हवे.

अभ्यास हा शब्द मी मुद्दाम वापरतो. संघटना म्हटली की डोळ्यांसमोर वर उठलेल्या मुठी येतात, आणि मुठींशिवाय यातले काहीच मिळाले नसते हे खरेच आहे. पण शाळेत फारसे न गेलेल्या माणसांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी, मालक नसेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर शोधले. ते कायद्याच्या भाषेत बसवून घेतले, मंडळावर बसून मालकाच्या बरोबरीने चालवायला शिकले. हिशेबाची वही वाचायला शिकले. माणसांच्या स्थितीत सुधारणा दानातून झाली नाही, नुसत्या घोषणांतूनही झाली नाही. ती एकत्र बसून विचार केल्यामुळे झाली, आणि तो विचार मान्य होईपर्यंत एकत्र उभे राहिल्यामुळे टिकली.

पुढची पाने वाचताना वाचकाने एवढे करावे, अशी विनंती आहे. प्रत्येक सवलतीपाशी थोडे थांबावे. रविवारची सुट्टी, दुपारचा विसावा, पंधरा तारखेच्या आतला पगार, पन्नास किलोचे पोते. आपल्यापैकी अनेकांना यातले बरेच काही नोकरीच्या पहिल्या दिवशी न मागता मिळाले. ते कोणीतरी आधी मागून ठेवले होते. आणि आपल्या दाराशी येणाऱ्या, आपल्या सोसायटीत झाडणाऱ्या, आपल्या बाजारात पाठ देऊन उभ्या असलेल्या माणसाचे नाव कुठल्या वहीत आहे का, हे एकदा तरी विचारावे. नसेल, तर ते लिहून घेण्याच्या त्याच्या लढ्यात आपली सही द्यावी.